पालथी ढाल

सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर ढाल पालथी ठेवली होती आणि तिच्या पाठीवर माझं बक्कल होतं. माझं म्हणजे मी घडवलेलं. एका अंगाला सपाट, दुसऱ्या अंगाला पोट सुटलेलं पितळी बक्कल; त्याचा साचा मी स्वतः लाकडात कोरला होता आणि ओतून आणल्यावर कानशीनं कडा मारल्या होत्या. तसलं बक्कल रायपुरात दुसऱ्या कोणाकडे नाही, नागपुरातही नाही. असलं तर जर्मनीत नाहीतर इंग्लंडात, जत्रेत सरदाराचं सोंग घेऊन हिंडणाऱ्या लोकांच्या कमरेला असेल, आणि तेही माझ्याकडूनच गेलेलं. यज्ञेश्वरराव, म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, समोर उभे राहून सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. "पट्टा तुटला, भार्गवराव. ट्रंकेतून काढाले गेलो तं हातातच आला. विजया गेली म्हणून मागच्या वर्षी दसरा केला नाही, पडून पडून वाळला असंन. यंदा दसऱ्याच्या आधी करून द्याल काय?" मी "देतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लग्न झाल्यापासून ज्या ढालीला मला बोट लावू दिलं नव्हतं, भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुराहून आलेल्या त्यांच्या कुणा पूर्वजाच्या हातची म्हणून जी दरवर्षी पुजली जायची, ती ढाल मी केलेली होती, आणि हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही असं त्या घटकेला मला वाटलं. मामाजींनी ती जुन्या चादरीत गुंडाळली, वर गाठ मारली आणि गाठोडं माझ्या हाती देताना म्हणाले, "सांभाळून हं. जुनी आहे."

गाठोडं पायांत धरून बुढातालाबाच्या कडेनं स्कूटर काढली तेव्हा मला हसू येत होतं. सिग्नलला थांबेपर्यंत ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. जुनी आहे म्हणे! वस्तू जुनी दिसावी कशी हे मला शिकवणार आहेत का? तोच तर माझा धंदा आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी युरोपात असायच्या तसल्या वस्तू मी हातानं करतो: तलवारीची म्यानं, बाणांचे भाते, कमरपट्टे, लाकडी फळ्यांत बांधलेली कोरी पुस्तकं, आतून राळ आणि मेण पाजलेले चामडी पेले. तिकडच्या हौशी लोकांना त्या नुसत्या चालत नाहीत, त्या वापरून झिजलेल्या लागतात. मग मी नवंकोरं चामडं चहाच्या पाण्यात भिजवतो, सिरक्यात खिळे सडवून काळं पाणी करतो, साखळीनं झोडतो, विटेच्या भुकटीनं घासतो. बीरगावात माझी पत्र्याची शेड आहे. आसपासच्या कारखान्यांची काळी धूळ खिडकीतून येते आणि पांढरं चामडं आठवडाभर उघडं ठेवलं तर निम्मं काम तीच करून टाकते. एवढं सगळं करूनही पिकतं तिथं विकत नाही हे खरंच. पूर्णिमा, माझी बायको, लोकांना 'यांचं एक्स्पोर्टचं काम आहे' म्हणून सांगते आणि पुढचा प्रश्न येण्याआधी चहा टाकायला उठते. माझे वडील रेल्वेत होते, अकोल्याहून बदली होऊन इथे आलेले. त्यांनी मरेपर्यंत शेजाऱ्यांना 'पोट्टा हस्तकला करते' एवढंच सांगितलं. चामडं हा शब्द आमच्या दोन्ही घरांत कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. त्याची मला सवय झाली होती, निदान मी तसं म्हणत असे. पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं मला एकाच माणसाच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, की भार्गवराव, हे तुमच्या हातचं आहे आणि हे चांगलं आहे. तो माणूस माझ्या हातच्या वस्तूला वर्षानुवर्षं गंध-फूल वाहत होता, आणि वाक्य मात्र कुणा मेलेल्या घोडेस्वाराच्या पदरात पडत होतं.

लग्नानंतरचा पहिला दसरा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पाटावर तांबडं वस्त्र, त्यावर ती मूळची ढाल, बाजूला एक गंजकी कट्यार, आणि तिसरं शस्त्र म्हणून मामाजींचं पाटबंधारे खात्यातलं मोजणीचं यंत्र, तिपाईसकट. सगळे जण एकेक करून हळदकुंकू वाहत होते. माझी पाळी आली तसा मी पुढे झालो आणि कौतुकानं ढालीच्या काठावर हात ठेवायला गेलो. कारागिराचा हात आधी काठाकडेच जातो. मामाजी हळूच म्हणाले, "तुम्ही राहू द्या. चामड्याचं काम करता तुम्ही, देवाजवळ नको." मी म्हणालो, "मामाजी, ढालही चामड्याचीच आहे. म्हशीच्या." "ते शस्त्र आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. कोणीही हसलं नाही, कोणी रागावलंही नाही, हेच मला जास्त लागलं. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या मोच्याला हे लोक काय म्हणत असतील याचा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला, तोही माझ्यावर वेळ आली म्हणून. त्या दिवसापासून दर दसऱ्याला पूजा सुरू झाली की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. सासूबाई, म्हणजे मामाजींची विजया, त्यांना मी आईच म्हणायचो, तिथे चहा घेऊन यायच्या. "मनावर घेऊ नका जी," म्हणायच्या, आणि पुढे पुढे तर कप हातात देऊन पूजा होईपर्यंत तिथेच थांबायच्या. मी मनावर घेतलं. मनावर घेणं हा माझा पिंडच आहे. चांगलं काम माझ्याकडून रागातच होतं.

आणि त्या रागात मी एका उन्हाळ्यात ढाल केली. कोणी मागितली नव्हती. म्हशीचं जाड चामडं कढत पाण्यात बुडवलं आणि लाकडी साच्यावर ताणून बसवलं, ही रीत तिकडची, माझ्या हातात बसलेली. मामाजींच्या ढालीचा तोंडवळा मला पाठ होता: काठाचा उतार, चार पितळी फुलं, एका फुलाखाली गेलेली बारीक चीर. फुलं गोलबाजारातून आणली, चीर मी चामडं कापायच्या रांपीच्या टोकानं काढली. पण ढालीची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. ती पाटाकडे असायची. तेव्हा पाठीला मी माझ्या सवयीनं तिकडच्यासारखं केलं: एक रुंद पट्टा बाहूवर बक्कलानं आवळायचा आणि पुढे एक मूठ पंज्यात धरायची. आपल्याकडे तसं नसतं हे मला पुष्कळ नंतर कळलं. आपल्या ढालीला मागे छोटी गादी असते आणि दोन कड्या एकत्र मुठीत पकडतात. बाहूला काही बांधत नाहीत. चूक ती चूकच, पण ढाल झाली सुंदर. त्यांच्या ढालीपेक्षा सुंदर, हे मी आजही सांगतो. झोपायच्या खोलीत मी ती टांगली होती. मग आम्ही पंडरीचं भाड्याचं घर सोडलं आणि सामान हलवताना ती हरवली. "टेम्पोतून पडली असंन," पूर्णिमा म्हणाली. मी टेम्पोवाल्याशी इतका भांडलो की त्या गरिबानं दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून सगळा रस्ता पालथा घातला. महिनाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि ती आपली बुढापाऱ्यात, मामाजींच्या घरी, पाटावर, झेंडूच्या माळेखाली आरामात होती. मी दर दसऱ्याला तिच्यापासून चार हातांवर, गॅलरीत, चहा पीत उभा होतो.

शेडमध्ये गाठोडं सोडल्यावर आधी मला आठवली ती मामाजींची गोष्ट. सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांना ते दरवर्षी ती ऐकवत. आमचे पूर्वज ढाल मुठीत धरत नसत. बाहूला बांधत, म्हणजे पंजा मोकळा राही, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार. अख्ख्या फौजेत अशी ढाल एकच. शिवनाथ नदी ओलांडताना घोडा बुडाला पण हा गडी ढालीसकट पोहून पलीकडे गेला. ऐकून ऐकून मला ती पाठ झाली होती, आणि ही गोष्ट अमुक सालापासून सुरू झाली, त्याआधी नव्हती, हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. गॅलरीतून मी तोंड वाकडं करायचो एवढंच. आता ढाल उलटी करून समोर ठेवली आणि मला कळलं, की तो पूर्वज माझ्या बक्कलातून जन्माला आला होता. मी आपल्या अज्ञानानं एक पट्टा चुकीचा लावला आणि त्याचा एक शूर माणूस झाला. हसावं का रडावं ते कळेना. मग नजर कातड्याच्या रंध्रांवर गेली. कुंकू आत मुरलं होतं. हळदीनं काठ पिवळसर झाला होता, कापराचा धूर बसला होता, पुसणाऱ्या हातांनी चारही फुलांच्या टोकांवरचा रंग उडाला होता. चहा आणि सिरका वापरून असं मला कधीही जमलेलं नाही. वस्तू खरी जुनी होत चालली होती. मी घाईनं तिच्यावर चादर टाकली.

घरी पूर्णिमा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. आमची राधिका बाहेर सोफ्यावर लॅपटॉप घेऊन पडलेली. मी बक्कल पट्ट्यासकट खिशातून काढलं आणि मेथीच्या परातीत ठेवलं. पूर्णिमानं ते बघितलं, हात झटकले, उठून गॅस बंद केला. "तुम्हाले एक दिवस समजंनच, मले माहीत होतं," ती म्हणाली. "हरवली म्हणे टेम्पोतून! मी त्या टेम्पोवाल्याच्या जिवावर उठलो होतो," मी ओरडलो. बाहेरून राधिका म्हणाली, "पापा, धीरे. बगल वाले सुन रहे हैं." पूर्णिमानं दार लोटलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. "आईनं ढाल धुतली होती. घटस्थापनेच्या आधीची सफाई चालली होती, बाबा लग्नाले बिलासपूरले गेले होते. वर्षानुवर्षाचं तेल अन् कुंकू बसून चिकट झाली होती, तं तिनं रिठ्याच्या पाण्यात बुडवून घासली अन् गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी पाहाले गेली तं पापडासारखी वळली होती. मधून तडकली होती. मले फोन केला तं तिच्या तोंडातून शब्दच निघून नाही राहिला होता. त्यांच्या घरची चीज मी खतम केली, म्हणे, आता यायले तोंड कसं दाखवू. आपलं सामान हलून राहिलं होतं, तं मी तुमची ढाल तिले नेऊन देल्ली. दुसरं काय करायला पाहिजे होतं, सांगा बरं?" मी म्हणालो, "मले सांगायला पाहिजे होतं." "तुम्हाले?" ती म्हणाली. "तुम्ही त्याच दसऱ्याले बाबाच्या तोंडावर फेकलं असतं, की पाहा, माझी ढाल पुजून राहिले तुम्ही. नाही काय?" मी परातीतलं बक्कल उचलून खिशात टाकलं. "आता सांगू नका जी," ती म्हणाली, आणि तिनं चक्क हात जोडले. "आई गेल्यावर बाबाजवळ हेच तं उरलं आहे. आणखी चार लोकांत मान आहे, तो या गोष्टीचा आहे. मरून जातीन ते."

पुढचे दिवस माझं कामात चित्त नव्हतं. एका पट्ट्याची शिवण, आरी हातात धरली तर घंटाभराचं काम, आणि मी ते रोज उद्यावर टाकत होतो. शेडमध्ये जायचो, ढालीवरची चादर काढायचो, पुन्हा टाकायचो. भात्यांचं एक मोठं काम अर्धवट पडलं होतं, त्याला हात लागेना. उठून बाहेर जायचो, कारखान्याच्या पाळीतून सुटलेल्या माणसांच्या लोंढ्यात उगाच चहाच्या टपरीपर्यंत चालायचो, चहा न घेताच परत यायचो. कधी वाटायचं, सरळ जावं आणि सांगावं. खरं बोलायला भीती कसली? मी काही चोरी केलेली नाही. कधी वाटायचं, पाठीचं सगळं उसवून टाकावं, गादी आणि कड्या रीतसर लावाव्यात, म्हणजे ढाल एकदाची बरोबर होईल, माझी खूणही पुसली जाईल आणि मामाजींची गोष्टही बुडेल. बघू मग काय सांगतात पाहुण्यांना. हा विचार मला फार गोड वाटला. रांपी घेऊन बसलोसुद्धा, पण आपलाच टाका आपण कापायचा म्हटल्यावर हात चालेना. तो टाका मी नीट पाहिला. घट्ट होता, सारखा होता, एकही दोरा सुटलेला नव्हता; पट्टा वाळून तुटला होता, शिवण नाही. असं काम आता माझ्याकडून होईल का, याची मला शंका आली. मग आणखी एक बातमी आली. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत यंदा रायपुरातल्या जुन्या मराठी घरांवर लेख येणार होता, आणि दसऱ्याला पियुष नावाचा मंडळातला मुलगा ढालीचा फोटो घ्यायला येणार होता. फोटोखाली काय छापलं जाईल ते मला ठाऊकच होतं. एकदा छापलं की ते कायमचं झालं. मी सांगितलं तर म्हातारा माणूस चार लोकांत तोंडघशी पडणार, आणि नाही सांगितलं तर माझ्या हातचं सर्वांत चांगलं काम जन्मभर दुसऱ्याच्या नावावर राहणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पूर्णिमा रात्री जेवताना माझ्याकडे बघायची, विचारायची मात्र काही नाही. मला तिचाही राग येत होता आणि तिच्या आईचा येत नव्हता, याचंही मला नवल वाटत होतं. आई आठवल्या की गॅलरीतला कप आठवायचा. बशीत नेहमी चहा सांडलेला असायचा. मला वाटायचं, वयामुळे हात कापतो.

शेवटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पट्टा लावला. जुन्यासारखाच, बाहूचाच, बक्कल तेच. बोलायचं की नाही ते मात्र ठरलं नव्हतं. ठरलं नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो, पण पियुष फोटो काढेल तेव्हा मी तोंड उघडणार हे मला आतून माहीत होतं. दसऱ्याला दुपारी आम्ही बुढापाऱ्याला गेलो. राधिकाला तिकडे यायचं नव्हतं, ती मैत्रिणीकडे गेली होती. मामाजींनी पाट मांडून ठेवला होता, यंत्र पुसून ठेवलं होतं, स्वतः धोतर नेसून खुर्चीत बसले होते. आईंशिवाय घर कसंसंच वाटत होतं, फुलं परडीतच होती, कोणी माळ केली नव्हती. पूर्णिमा सुईदोरा घेऊन खाली बसली. मी चादर सोडून ढाल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलटी केली, नव्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एका पट्ट्याले इतके दिवस लागले, भार्गवराव?" मी म्हणालो, "कामं होती." "ओळखली असंन नं मग," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पूर्णिमाच्या हातातला झेंडू तसाच राहिला. मामाजी माझ्याकडे न बघता ढालीशी बोलावं तसं बोलत होते. "मले तं पहिल्याच दसऱ्याले समजलं होतं. लहानपणापासून उचलत आलो मी ती. माझे बाबा हातात द्यायचे तं दोन्ही हात खाली जायचे. ही उचलली तं हात वर गेला. अन् मागं पाहतो तं गादी नाही, हे असं बक्कल. आपल्या घरात असं काम कोण करते, हे काय मले समजत नाही? पण विजया दारात उभी होती. तिच्या हातातल्या ताटात वाट्या वाजून राहिल्या होत्या. मी म्हटलं, काहीतरी झालं आहे हिच्या हातून, अन् ही मरून राहिली आहे भ्यावानं. तेवढ्यात आमच्या धाकट्या श्यामकांतनं विचारलं, दादा, हे बक्कल कायचं? तिचं तोंड पांढरं पडलं. मग मी ते बाहूचं सांगतलं. सुचलं तसं सांगतलं. लोकायले आवडलं. मग दरवर्षी सांगा लागे, त्यात घोडा आला, नदी आली." ते हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. "तिले शेवटपर्यंत समजू देल्लं नाही मी, की मले माहीत आहे."

माझ्या मनात एकदम इतक्या गोष्टी उसळल्या की एकही धड हाती लागेना. म्हणजे ठाऊक होतं. म्हणजे दर दसऱ्याला, मी गॅलरीत उभा असताना, या माणसाला ठाऊक होतं की वस्तू माझी आहे. "मग मले हात काहून लावू देल्ला नाही?" मी विचारलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. मामाजींनी आता माझ्याकडे पाहिलं. "आधी तं मले खरंच चालत नव्हतं. खोटं नाही बोलत. तसेच वाढलो आम्ही. पण नंतर तसं नव्हतं. नंतर तुम्ही हात लावला असता तं ओळखली असती, अन् तुमच्याच्यानं चूप राहणं झालं नसतं. सगळ्यांसमोर बोलले असते तुम्ही. अन् ती मेली असती तिथंच." बाप-लेकीनं वेगवेगळ्या दिवशी मला एकच दाखला दिला होता. मला राग यायला हवा होता आणि आला नाही. इतकी वर्षं जो अपमान मी जपून ठेवला होता, ज्याच्यावर माझी चांगली चांगली कामं झाली, तो अर्ध्यावरच संपला होता; पुढची सगळी म्हाताऱ्याची भीती होती, आणि तीही माझी नव्हे, बायकोच्या जिवाची. मला एकदम रिकामं रिकामं वाटलं. आणि लाज वाटत नाही म्हणून सांगतो, आतून थोडा आनंदही झाला, की यांना माझा हात ओळखता आला.

"छान झाली आहे हो," मामाजी म्हणाले. "आमच्या ढालीपेक्षा छान. मी तेव्हाच म्हणणार होतो."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य हे. पण ते नीट कानात शिरायच्या आत पूर्णिमा बोलली. ती अजून खालीच बसली होती, माळ मांडीवर. "आईले माहीत होतं काय, बाबा? की तुम्हाले माहीत आहे म्हणून?" "नाही नं," मामाजी म्हणाले, अजून हसतच. "तेच तं सांगून राहिलो. कधीच समजू देल्लं नाही." पूर्णिमानं सुई माळेत खोचून ठेवली. "बाबा, आई नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहायची. तुम्हाले वाटे देवीचं करते. तिनं महामायेले बोललं होतं, की यायच्या हातात ढाल देशील तेव्हा यायले समजू देऊ नको. दरवर्षी तोच नवस. एक दसरा सरला की पुढच्याचं भ्याव लागे तिले. शुगर होती तिले, बाबा, डॉक्टर ओरडायचे, पण ऐकायची नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी शुद्ध आली तं मले जवळ बोलावलं. मले वाटलं, राधिकाचं काही सांगते. तं म्हणे, बाबाले सांगजो नको."

मामाजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढायचं त्यांना सुचत नव्हतं.  "मले वाटे, मी तिले वाचवून राहिलो," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "एक शब्द बोललो असतो तं झालं असतं. विजया, जाऊ दे नं, एवढंच." पूर्णिमा रडत नव्हती. बोलून गेल्याचा पश्चात्ताप तिला होत असावा, कारण ती उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण शब्द काही मागे घेतले नाहीत. मी उभाच होतो. गॅलरीत सांडलेल्या चहाच्या बश्या एकामागून एक आठवत होत्या. माझ्याजवळ तेव्हा येत होती ती बाई मला समजवायला येत नव्हती. आत पूजा चालू असताना तिला त्या खोलीत थांबवत नव्हतं. आम्ही दोघं एकाच ढालीपासून पळून एकाच गॅलरीत उभे राहायचो आणि मी माझ्या रागात इतका गर्क की तिचा हात का कापतो ते मला दिसलं नाही. त्या घरात ज्याला त्याला काही ना काही माहीत होतं, आणि जिला कोणी तरी 'जाऊ दे' म्हणायला हवं होतं ती एकटीच ते न ऐकता निघून गेली.

बेल वाजली. श्यामकांतकाका आले होते, त्यांच्या मागे पियुष कॅमेरा घेऊन. काकांनी आल्या आल्या "दादा, सोनं घ्या" म्हणून आपट्याची पानं पुढे केली. मामाजींनी ती घेतली आणि मुठीत धरून ठेवली, द्यायची विसरले. पियुषनं पाटाकडे पाहिलं, ढाल पाटावर नव्हती, ती अजून मामाजींच्या मांडीवर पालथीच होती. तो उकिडवा बसला, मोबाईल पुढे धरला आणि म्हणाला, "दादाजी, पहले वो बाँह वाली कहानी बोल दीजिए ना, रिकॉर्ड कर लेता हूँ. फिर फोटो." हीच ती वेळ होती. काय बोलायचं ते मी कितीतरी दिवस घोळवलं होतं, शब्दन्शब्द तयार होता, आणि आता त्यातला एकही मला नको होता. पूर्णिमानं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, म्हणजे मी बोलणार नाही.

बोलले ते मामाजी. "कहानी नहीं है," ते म्हणाले. मग मराठीत, त्या मुलाला कळेल न कळेल याची पर्वा न करता, "घोडा नव्हता, नदी नव्हती. आमची ढाल खराब झाली. ही माझ्या जावयानं केली आहे. यायनं. आपल्या हातानं." श्यामकांतकाका मध्येच "दादा, हे काय बोलून राहिले तुम्ही," म्हणाले, तसं मामाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग वाक्य पुरं केलं. "माझ्या विजयासाठी केली."

पियुषनं मोबाईल माझ्याकडे वळवला. "सच में भैया? आपने बनाया, उनके लिए?" काका बघत होते, पूर्णिमा बघत होती. मामाजी बघत नव्हते, त्यांनी डोळे मिटले होते. ती ढाल मी कोणासाठी केली होती ते मला चांगलं ठाऊक आहे. मी ती रागानं केली होती, याच माणसाच्या रागानं, त्याला कधी तरी खाली पाहायला लावीन म्हणून. आणि ती बाई तेव्हा माझ्या मनातसुद्धा नव्हती.

"हव," मी म्हणालो. "आईसाठीच केली."